वच्छलेच्या देवीचं कूळ

मी चौथी शिकलो. पाचवीत नाव घातलं होतं, पण बसलो नाही. त्यामुळे प्रवासाचं लिहायची माझी लायकी आहे की नाही, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. पोरगी म्हणाली, बाबा, सांगता तसंच लिहा. तसंच लिहिलं आहे. कोणाला टोचलं तर टोचू द्या.

आमचं गाव अकोटजवळ. पानपिंपरीचा, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलांचा, मळा आहे. बायको वच्छला मागच्या हिवाळ्यात गेली. माझ्याआधी गेली, हे मला अजून पटलेलं नाही. आमच्या कुळात माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करतात. टाक म्हणजे लहानसा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली गेलेल्या माणसाची आकृती. वर्षश्राद्धाला तो देवघरात बसवतात, आणि मग दर सणाला घराण्यातली थोरली बाई एकेका टाकाचं नाव घेऊन निवद दाखवते. ज्याचं नाव घेतलं नाही, तो उपाशी.

वच्छलेनं लग्नात माहेराहून एक चांदीचा तुकडा आणला होता. मोठ्या चिंचोक्याएवढा, जाड, कडेनं वाकडातिकडा. त्याच्यावर रेघा आणि ठिपके. नीट पाहिलं तर मधे एक गादी, गादीवर ज्योत, दोन बाजूंना दोन दिवट्या. ती म्हणायची, माझ्या माहेरची देवी. दर शुक्रवारी चिंच लावून घासायची. मी ठरवलं, सोनाराचा पत्रा नको. हाच वच्छलेचा टाक.

हे मी चार लोकांत बोललो आणि गंगूवहिनी उठल्या. गंगूवहिनी म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. निवद त्याच दाखवतात.

"कूळ काय हिचं?" वहिनींनी विचारलं.

"कोनाचं?"

"ह्या देवीचं. कोन्या गावची, कोन्या राजाची, कोन्या धर्माची? वच्छला होती तवर मी बोलली नाई. आता तू म्हनतं, हिले वच्छला म्हना. जिचं कूळ मालूम नाई, थिले मी आपल्या घरातल्या बाईचं नाव देऊ?"

"मंग काय करू म्हनता?"

"आटव. चांदी थेच राहीन, आकृती बाईची होईन. सोनाराले मी सांगून ठेवलं हाये."

"आटवून दाखवा. अन् मंग माया घरात पाय ठेवून दाखवा."

"घर तुयं," वहिनी म्हणाल्या, "देव कुळाचे."

मी पिशवी भरली. कूळ पाहिजे ना, आणतो म्हटलं. वर्षश्राद्धाला थोडेच दिवस राहिले होते. तुकडा वच्छलेच्या एका जुन्या चोळीच्या चिंधीत बांधला आणि बंडीच्या आतल्या खिशात घातला.

अमरावती

आता म्हाताऱ्यांना एसटी फुकट आहे. कंडक्टरनं कार्ड मागितलं. मी दिलं. त्यानं कार्ड पाहिलं, मला पाहिलं, परत कार्ड पाहिलं.

"बाबा, हे तं बाईचं हाये."

खिशात दोन्ही कार्डं ठेवायची सवय. दवाखान्याच्या दिवसांपासूनची. मी म्हटलं, "बाईचंच हाये. माया बायकोचं."

"बाई कुठी हायेत?"

"नाई."

त्या पोरानं ते कार्ड माझ्या हातात परत ठेवलं. माझं कार्डही पाहिलं नाही. दर्यापूर गेलं तरी मी ते वच्छलेचं कार्ड हातातच धरून होतो. फोटोत ती रागावलेली दिसते. फोटोवाल्यानं डोक्यावरचा पदर मागं घ्यायला लावला होता, त्याचा राग.

पोरगी शोभा राजापेठेत राहते. तिच्या खालच्या मजल्यावर ट्युशन क्लास आहे. शिकवणारा असा ओरडतो की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यालाही पास व्हायची इच्छा व्हावी. गाड्या तर विचारू नका. रस्ता ओलांडायला मी उभा राहिलो, तर एक पोरगी स्कुटी थांबवून म्हणाली, "आजोबा, जाता का थांबता?" आमच्या गावात एवढा वेळ बैलही विचार करू देतो. शोभानं संध्याकाळी गिला वडा आणला, वर दही आणि तिखट. चांगला होता. पण वडा दह्यात बुडवून त्याला गिला म्हणायचं आणि त्याची कौतुकं करायची, हे अमरावतीवाल्यांनाच जमावं. वच्छला हा वडा रात्रीच्या उरलेल्या कढीत करायची, त्याला नाव नव्हतं.

दोन गल्ल्या सोडून एक मॅडम राहतात. कॉलेजात इतिहास शिकवायच्या, आता घरी असतात. जुनी नाणी हा त्यांचा जन्माचा नाद. शोभा मला घेऊन गेली. मॅडमनी चिंधी सोडली, भिंग लावलं आणि तोंड असं उजळलं की जशी माहेरची माणसं आली.

"आजोबा, ही देवी नाही. हे गधैया नाणं आहे."

"काय म्हनलं?"

"गधैया."

"बाई, माया बायकोच्या देवीले तुमी माया तोंडावर गाढव म्हनता?"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "मी नाही हो. लोक म्हणतात. का म्हणतात, तेही नक्की कोणाला ठाऊक नाही. कुणी गाढव झालेल्या राजाची गोष्ट सांगतं."

मग त्यांनी समजावलं. मला जेवढं समजलं तेवढं लिहितो. फार जुनी गोष्ट. इराणात राजे होते. त्यांच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला मुकुटवाला राजा आणि दुसऱ्या बाजूला अग्नीची वेदी, दोन बाजूंना दोन राखणदार. ही नाणी हूणांसोबत आपल्या मुलखात आली. इकडच्या लोकांनी त्यांची नक्कल केली. मग त्या नकलेची नक्कल, मग तिची नक्कल. ठसा कोरणाऱ्यानं राजा पाहिलेला नाही, वेदी पाहिलेली नाही, फक्त आधीचं नाणं पाहिलेलं. असं शेकडो वर्षं चाललं. राजाचं नाक गेलं, डोळा गेला, शेवटी रेघा आणि ठिपके राहिले.

"मंग हे पाडलं कोनं?" मी विचारलं.

"माहीत नाही. नाव नाही, साल नाही. गुजरातेत हंडे भरून सापडतात. माळव्यात सापडतात, राजस्थानात सापडतात, आपल्या वऱ्हाडातही सापडलेत. एका राजानं पाडली का अनेकांनी, व्यापाऱ्यांनी आणली का सैनिकांनी, पुरून कोणी ठेवली, न्यायला परत का आले नाहीत, सगळे अंदाज आहेत."

"एवढं शिकून मंग काय मालूम झालं तुमाले?"

शोभानं मला कोपर मारलं. मॅडमना राग आला नाही. "माहीत नाही असं म्हणता येणं," त्या म्हणाल्या. "त्यालाही अर्धं आयुष्य गेलं."

ही बाई मला तिथं आवडली. आमच्याकडे माहीत नाही असं कोणी म्हणतच नाही.

त्यांनी नाणं उलटवलं. "राजाचं तोंड या बाजूला होतं. तुम्ही इतकी वर्षं राजाला पालथं घातलंत."

"पडू द्या. आमच्या देवघरात राजाचं काय काम?"

"आणि हे इतकं झिजलं कशानं? जमिनीत असं झिजत नाही."

"चिंचेनं. दर शुक्रवारी."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "चिंच! अहो, जे नाक बाकी होतं तेही गेलं असेल."

"थे माया बायकोनं घासलं म्हना. इराणच्या राजाचं नाक माया बायकोनं घासलं." हे बोलताना मला एकदम इतका आनंद झाला की काय सांगू. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

मग मॅडम जरा चाचरत म्हणाल्या, "संग्रहालयात द्याल का? काचेत राहील. लोक पाहतील. जपलं जाईल."

"त्याच्याखाली काय लिहान?"

"गधैया नाणं. चांदी. सापडल्याचं ठिकाण अज्ञात."

"अन् वच्छला?"

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. खोटं बोलल्या नाहीत. "तेवढं नाही लिहीत आजोबा."

"मंग नाई."

निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या सासरी कुठून आलं हे?" मी सांगितलं, सासऱ्याच्या वावरात नांगराला गाडगं लागलं होतं, त्यात निघालं, असं सांगत. त्या म्हणाल्या, जमिनीत असा साठा निघाला तर सरकारला कळवावा लागतो, त्यावरून तर आम्हाला काही कळतं. "आणि आजोबा, असं सांगत म्हणजे कोण सांगत? जाऊन नीट विचारा."

मलाही तेच पाहिजे होतं. वावर सापडलं तर देवीचं ठिकाण सापडलं. ठिकाण सापडलं म्हणजे वहिनींच्या तोंडावर कूळ मारता येतं.

परतवाड्याच्या पलीकडे

वच्छलेचं माहेर परतवाड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्याचे बगीचे तोडणीला आले होते. झाडांना टेकू दिलेले, फळांनी वाकलेली. आमच्या पानपिंपरीच्या मळ्यात उन्हाला आत येऊ देत नाहीत, इथं ऊन पैशासारखं मोजून घेतात. मागं निळा डोंगर. वच्छला आमच्या सपाट गावाला नेहमी नावं ठेवायची, म्हणायची, तुमच्याकडे संध्याकाळी पाहायचं तरी कुठं? तेव्हा मी चिडायचो. आता उभा राहून पाहिलं, तर खरंच होतं तिचं.

तिचा धाकटा भाऊ श्रीराम आता तोही म्हातारा झाला आहे. त्याच्या सुनेनं वांग्याची भाजी आणि पानगे केले. पानगे, म्हणजे गोवरीच्या विस्तवावरच्या जाड रोट्या, चांगले भाजलेले होते. शेवटचा घास ताटात असतानाच मी खिशात हात घातला. मग चिंधी सोडली.

"श्रीराम, हे कोन्या वावरात निघालं? मले थे वावर दाखव."

श्रीरामनं सुनेला पाणी आणायला पाठवलं. पाणी समोर होतंच.

"भाऊजी, आता तुमी बुढे, मी बुढा. लपवून काय कराचं? गाडगं बिडगं काई नव्हतं."

"म्हंजे?"

"बाबानं फुशारकी मारली. तुमच्या घरी चांदीचे टाक, मोठे देव. आमच्या घरी काय होतं? एक मारोती अन् एक फुटका शंख. सोयरीक जमून राहिली होती. मंग बाबानं सांगतलं, आमच्या वावरात गाडगं निघालं, देवी निघाली. गाडगं निघालं म्हटलं का घराणं जुनं वाटते."

"लेका, आयुष्यभर माया बायकोनं जगाले सांगतलं, गाडग्यात निघाली म्हनून!"

"थिलेही थेच मालूम होतं."

मी ताटावरून उठलो. सासरा समोर असता तर त्याचा शंख मी पुरा फोडला असता. अंगणात जाऊन उभा राहिलो. श्रीराम मागं आला आणि खरं काय ते सांगू लागला. वच्छलेच्या आधी तिच्या आईची लेकरं राहत नव्हती. होत आणि जात. त्या वेळी वावरात मोती नावाचा कोरकू आदिवासी रखवालीला होता, मेळघाटातला, बायकोपोरांसकट झोपडीत राहायचा. वच्छला झाली तेव्हा मोतीच्या बायकोनं आपल्या गळ्यातल्या माळेतला हा तुकडा काढला आणि लेकराच्या गळ्यात बांधला. परक्या गळ्यातलं लेकराच्या गळ्यात घातलं की लेकरू टिकतं म्हणतात. वच्छला टिकली. ती चालायला लागली तेव्हा तो काढून ठेवला, म्हणून तिला ते आठवत नव्हतं.

"मोतीची पोरगी सुगराबाई हाये अजून," श्रीराम म्हणाला. "धारणीकडे. पन काहून जाता भाऊजी? रस्ता खराब. त्यापेक्षा उद्या चिखलदरा पाहा. कॉफी प्या, रबडी खा."

"वच्छलेनं चिखलदरा पाहिला होता?"

"नाई."

"मंग मी काहून पाहू?"

धारणीकडे

घाट लागला तसं सागाचं रान सुरू झालं. सागाची पानं सुपाएवढी, धुळीनं लाल झालेली. सेमाडोहला चहा प्यालो, त्यात दूध खरं होतं. धारणीपासून पुढं जीप. जीपवाला म्हणाला, मागं सरका, अजून चौघं बसतात. मी म्हटलं, बाबू, ही जीप हाये का कापसाची गाडी? माझ्या मांडीवर एका बाईनं बिनविचारता कोंबडी ठेवली. कोंबडी शांत होती, मीच हलत होतो. एका खड्ड्यात माझं डोकं वर आपटलं, तेव्हा मी आधी खिसा चाचपला, मग डोकं.

सुगराबाईचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, आमच्या सिमेंटच्या घरापेक्षा स्वच्छ. तिचा मुलगा किसन अंगणात होता. म्हातारी उन्हात बसली होती. वच्छलेपेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली. गळ्यात चांदीची माळ, त्यात राणीच्या तोंडाचे इंग्रजी रुपये, आणि रुपयांच्या मधे दोन जाड, वाकडे तुकडे. आमच्या देवीच्या बहिणी. त्या कोणी चिंचेनं घासलेल्या नव्हत्या. काळ्या पडल्या होत्या, पण दिवट्या दिसत होत्या.

मी तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो पाहिला आणि मूठ बंद केली.

"मेरी माय की है," ती म्हणाली.

"माय, दे दे उनको," किसन म्हणाला.

"काहे को दूँ? मेरी माय की है."

मी कूळ आणायला निघालो होतो आणि देवीच गमावून बसलो. भांडायला तोंड उघडलं, पण काय भांडणार? खरंच तिच्या मायची होती. मी आपला विचारत राहिलो, "तुया मायपाशी कुठून आली?"

"माय के गले में नानी के गले से."

"अन् नानीपाशी? गाडगं निघालं होतं? कोन्या राजानं देलं? बजारातून घेतली?"

"मेरे को क्या मालूम? मैं थी क्या?" ती हसली. दात नव्हते. मग एकदम हसू थांबवून तिनं विचारलं, "वो बच्ची जी?"

"कोन बच्ची?"

"जिसको माय ने बाँधा था. जी कि नहीं?"

मी म्हटलं, "जी. सत्तर पार केली. चार लेकरं झाली, नातू झाले. मायाशी जिंदगीभर भांडली. मागच्या हिवाळ्यात गेली."

म्हातारीनं मूठ उघडली आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला. "तो काम कर दिया इसने," ती म्हणाली. "ले जा."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. लपवलं नाही. ह्या वयात लपवून कोणाला दाखवायचं आहे?

जेवायला कुटकीचा, म्हणजे वरईसारख्या बारीक धान्याचा, भात आणि पातळ डाळ होती. कुटकी आमच्याकडे उपासाला बायका शोधत फिरतात, इथं रोजची. जेवल्यावर किसननं गावाबाहेर झाडाखाली त्याच्या बापाचं लाकूड दाखवलं. आम्ही मेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करतो, ते सागाची फळी कोरतात. फळीवर चंद्र, सूर्य, घोड्यावर बसलेला माणूस. अशा पुष्कळ फळ्या होत्या, काही पावसानं अगदी पुसलेल्या. नाव एकीवरही नव्हतं. मी किसनला विचारलं, तुझा बाप कोणता हे कसं समजते? तो माझ्याकडे पाहत राहिला, जसं मी त्याला विचारलं की तुझं घर कोणतं. मग एका फळीवर हात ठेवून म्हणाला, "हा."

परत येताना जीपमध्ये मी विचार करत होतो. मॅडमनी बोट दाखवलं माझ्या सासऱ्याकडे, सासऱ्यानं दाखवलं खोट्या गाडग्याकडे, गाडग्यानं मोतीकडे, मोतीच्या पोरीनं आजीच्या गळ्याकडे. त्याच्यापुढं रस्ता नाही. इराणच्या राजापर्यंत कोणी हात धरून नेणार नाही. आता मी वहिनींना काय सांगू? खोटं सांगता आलं असतं. माझ्या सासऱ्यानं सांगितलंच होतं, आणि ते अर्धशतक चाललं. तिथंच ठरवलं, खोटं सांगायचं नाही आणि आटवूही द्यायचं नाही.

घरी

वर्षश्राद्धाला सगळं घराणं जमलं. शोभाही अमरावतीहून आली. सोनार आलेला होता, ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. मी त्याला म्हटलं, "चहा घे अन् जा."

"वहिनीनं बलावलं हाये," तो म्हणाला.

"मंग वहिनीच्या घरी जाऊन बस."

गंगूवहिनी आतून आल्या. "सापडलं कूळ?"

"नाई."

"फिरून काय आला मंग?"

मी सगळं सांगितलं, लोकांच्या देखत. गाडगं खोटं होतं हेही सांगितलं. श्राद्धाला आलेला श्रीराम मान खाली घालून बसला. मी म्हटलं, "शिकलेल्या बाईले मालूम नाई. ह्याले मालूम नाई. जिच्या मायच्या गळ्यातलं, थिले मालूम नाई. कोनाले काईच मालूम नाई. अन् आटवनार नाई. ज्याले हे चालत नसन, त्यानं माया घरी जेवू नये. पान उचलून ठेवतो."

कोणी उठलं नाही. वास पुरणाचा होता.

मी देवघरात सगळे टाक मांडले. हात बेंगरूळ, हे काम कधी केलेलं नव्हतं. शेवटी तो तुकडा ठेवला, दिवट्या वर करून. गंगूवहिनी निवदाचं ताट घेऊन बसल्या. एकेक नाव घेत पाणी फिरवू लागल्या. माझ्या बापाचं नाव, आईचं, भावाचं. शेवटच्या तुकड्यापाशी हात थांबला. सगळे बघत होते. त्यांनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "अन् हे कोन?"

"वच्छला," मी म्हटलं.

"मी विचारून राहिली, हे कोन?"

"वच्छला."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताटाकडे पाहिलं, मग तुकड्याकडे पाहिलं. पळीतलं पाणी हातातच होतं. मग त्या शोभावर ओरडल्या, घर हलेल असं:

"अवं पोरी, वच्छलेले एवढंसं पुरन कोनं वाढलं? थिले गोड किती लागे, मालूम नाई तुले? आन अजून!"